तोंडी हुकूम आणि लेखी दाद



वरिष्ठाच्या जाचाने गांजलेला मनुष्य आपली कहाणी सांगावयास बसला, म्हणजे तिची सुरुवात बहुधा एकाच वाक्याने होते: “काय करणार, आमच्या साहेबांचा स्वभावच तसा आहे.” नोकरांच्या तक्रारी ऐकून घेण्यात आणि त्यांची तड लावण्याच्या खटपटीत ज्याची सारी नोकरी गेली, अशा माझ्यासारख्याला हे वाक्य गिरणीत साच्यावर काम करणाऱ्या कामगाराच्या तोंडून, बँकेतल्या कारकुनाच्या तोंडून, रुग्णालयातल्या परिचारिकेच्या आणि संगणकाच्या कंपनीतल्या तरुण अभियंत्याच्याही तोंडून सारख्याच हताश स्वरात ऐकावयास मिळाले आहे. स्वभावाला औषध नाही, असे आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो. त्यामुळे ज्या क्षणी जाचाला स्वभाव हे नाव मिळाले, त्या क्षणी त्यावरचा इलाज शोधण्याचे कामही संपले, आणि सोसणाऱ्याने आपल्या हातानेच दाद मागण्याचे दार लावून घेतले, असे होऊन बसते.

परंतु जरा लक्ष देऊन पाहावे. जो साहेब हाताखालच्या माणसाच्या अंगावर फाईल भिरकावतो, तोच मुख्य कचेरीतून तपासणीसाठी वरिष्ठ अधिकारी आले असता खुर्चीतून उठून उभा राहतो, त्यांचे टाकून बोलणे निमूटपणे ऐकून घेतो, आणि स्वतःची चूक निघाली तर ती नम्रपणे कबूलही करतो. खरोखर शीघ्रकोपी असलेल्या माणसाचा राग वर-खाली पाहत नाही; तो वरिष्ठावर निघतो, घरच्यांवर निघतो, रस्त्यातल्या वाटसरूवरही निघतो, आणि त्यापायी त्याचे स्वतःचेच अधिक नुकसान होते. ज्याच्या रागाला अधिकाराची उतरंड इतकी अचूक कळते, त्याच्या ठायी असलेला दोष अधिकाराच्या गैरवापराचा आहे. आणि अधिकार ही वस्तू कोणीतरी दिलेली, कोठेतरी लिहिलेली आणि कोणाला तरी जबाबदार असलेली अशी असते. म्हणून तिच्या गैरवापराला औषध आहे, आणि त्या औषधाविषयीच मी आज आपल्याशी बोलणार आहे.

तत्पूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो न केल्यास चांगल्या वरिष्ठांवर अन्याय होईल. कडक साहेब कामात काटेकोर असतो. चुकलेल्या बेरजेवर तो लाल शाईची रेघ ओढतो, उशिरा येणाऱ्याला जाब विचारतो, प्रसंगी सर्वांदेखत खडसावतोही. परंतु त्याच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला आपले काय चुकले आणि उद्या काय करावयाचे हे नेमके समजलेले असते, आणि साहेबांच्या मर्जीतल्यालाही हेच माप लागते, याची त्याला खात्री असते. अशा वरिष्ठाच्या हाताखाली तयार झालेली माणसे पुढे जन्मभर त्याचे नाव कृतज्ञतेने घेतात. जुलमी वरिष्ठाच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्याला मात्र स्वतःच्या लायकीविषयीच शंका वाटू लागते. त्याने लिहिलेली टिपणी सोमवारी लांबली म्हणून परत येते, तीच आटोपशीर करून नेली तर बुधवारी त्रोटक म्हणून परत येते, आणि शुक्रवारी “तुम्हाला पदवी दिली कोणी?” या प्रश्नासह टेबलावर आदळते, दरम्यान टिपणीत काय हवे होते हे कोणीही सांगितलेले नसते. रजेचा अर्ज सहीवाचून पडून राहतो, महत्त्वाच्या बैठकीचे बोलावणे नेमके एकालाच जात नाही, केलेल्या कामाचे श्रेय दुसऱ्याच्या खाती जमा होते, आणि रात्री अकरा वाजता भ्रमणध्वनीवर आलेल्या संदेशाला सकाळपर्यंत उत्तर गेले नाही, तर तो उद्धटपणा ठरतो. यांतली एकेक गोष्ट सुटी घेतली तर क्षुल्लक दिसते, आणि म्हणूनच तक्रार करणाऱ्याला “एवढ्यातेवढ्याने मनाला लावून घेऊ नये” असा उपदेश ऐकावा लागतो. परंतु हा जाच प्रसंगांच्या मालिकेत असतो, आणि मालिका म्हणून पाहिल्यावाचून तो दिसत नाही.

स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन या मानसशास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा त्यानेही याच मालिकेवर बोट ठेवले होते. आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने चाललेला त्रास, अशी त्याची व्याख्या होती. स्वीडनने १९९३ साली यासंबंधी स्वतंत्र नियम केले. इंग्लंडमध्ये अँड्रिया ॲडम्स या पत्रकार महिलेने हा विषय प्रथम बी.बी.सी.च्या नभोवाणीवरून लोकांपुढे मांडला आणि १९९२ साली त्यावर पुस्तक लिहिले.

आपल्या मुंबईला मात्र हा रोग त्याहून कितीतरी आधीपासून परिचित होता. परळ-लालबागच्या गिरण्यांत कामगार आणि मालक यांच्यामध्ये जॉबर नावाचा मुकादम उभा असे. कोणाला कामावर घ्यावयाचे, कोणाला घरी बसवावयाचे, गैरहजर कामगाराच्या जागी बदली म्हणून कोणाला उभे करावयाचे, हे सारे त्याच्या मर्जीवर चाले. नोकरी लागताना त्याला दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागे, ती टिकविण्यासाठी पुन्हा पुन्हा द्यावी लागे, आणि कित्येकदा कामगाराला कर्ज देणाराही तोच असे. स्त्री-कामगारांवर नायकीण म्हणविणाऱ्या स्त्री-मुकादमाचा असाच अंमल चाले. जॉबरने नुसते मान हलवून “उद्यापासून येऊ नकोस” म्हटले की त्या माणसाच्या घरची चूल थंड पडे, आणि त्या शब्दाची नोंद गिरणीच्या दफ्तरात कोठेही सापडत नसे. १९२९ साली व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली जे शाही कामगार कमिशन नेमले गेले आणि ज्यावर आपले कामगार पुढारी ना. म. जोशी हेही एक सभासद होते, त्याने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या सत्तेची चिकित्सा करून भरतीचे काम त्याच्या हातून काढून घ्यावे आणि त्यासाठी कामगार अधिकारी नेमावेत अशी शिफारस केली. पुढे १९३४ च्या कायद्यान्वये मुंबई सरकारने कामगार अधिकारी नेमला, आणि १९३५ पासून गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली, जेणेकरून रोजच्या रिकाम्या जागा कार्डधारकांतूनच भरल्या जाव्यात.

या इतिहासाचा मी पुष्कळ विचार केला आहे. कार्डे येण्यापूर्वीचे जॉबर आणि त्यानंतरचे जॉबर ही तीच माणसे होती. त्यांचे स्वभाव काही पालटले नव्हते, आणि त्यांची सत्ताही एका दिवसात गेली नाही. परंतु जी गोष्ट त्यांच्या जिभेवर होती ती हळूहळू कागदावर आली, आणि जसजशी ती कागदावर आली तसतशी त्यांच्या सत्तेची धार बोथट होत गेली. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांची नोंदणी त्यासाठी स्थापलेल्या मंडळाकडे आणून मजुरीही मंडळामार्फत देण्याची व्यवस्था केली, तेव्हा महाराष्ट्राने हाच अनुभव पुन्हा घेतला. वरिष्ठाचा जाच हा मूलतः तोंडी असतो. बंद खोलीत, दूरध्वनीवर, जाता-येता, चारचौघांत पण लेखणीच्या आवाक्याबाहेर, असा तो चालतो. आणि म्हणून त्याच्याशी ज्याला झगडावयाचे आहे, त्याने तोंडाने तोंडाशी भांडण्याच्या फंदात न पडता, आपला आणि वरिष्ठाचा व्यवहार शक्य तितका लेखी करीत न्यावा, हे माझे आजचे मुख्य सांगणे आहे.

याची सुरुवात एका साध्या वहीने होते. ती वही घरी ठेवावी, कचेरीच्या खणात ठेवू नये, आणि कचेरीच्या संगणकावरही ठेवू नये. तीत त्या त्या दिवशीच नोंद करावी: तारीख, वेळ, स्थळ, कोण कोण हजर होते, आणि वरिष्ठ जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत. विशेषणे अजिबात घालू नयेत. “आज साहेबांनी माझा भयंकर अपमान केला, मला फार वाईट वाटले” ही नोंद सहा महिन्यांनी कोणाच्याही उपयोगी पडत नाही, परंतु “दुपारी ४.१०, साहेबांची खोली, दोन सहकारी व शिपाई हजर, मासिक तक्ता टेबलावरून खाली टाकून ‘हा कचरा उचल आणि चालती हो’ असे म्हणाले, तक्त्यातील चूक कोणती ते विचारता उत्तर दिले नाही” ही नोंद चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे स्वतःच बोलू लागते. त्या वहीसोबत आपले नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, पूर्वी मिळालेले चांगले शेरे, रजेच्या अर्जांच्या नकला हे सारे एकत्र ठेवावे. मात्र संस्थेची गोपनीय कागदपत्रे घरी नेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्या एका कृतीने फिर्यादीच आरोपी होऊन बसतो, अशी उदाहरणे मी पाहिली आहेत.

वहीनंतरची पायरी म्हणजे तोंडी हुकमाला लेखी रूप देणे. सरकारी नोकरांपैकी पुष्कळांना ठाऊक नसते की, केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतच असे सांगितले आहे की वरिष्ठाने आदेश सामान्यतः लेखी द्यावा, तोंडी देणे अपरिहार्य झाले तर लगेच तो लेखी कायम करावा, आणि ज्याला असा तोंडी आदेश मिळाला असेल त्यानेही होईल तितक्या लवकर त्याची लेखी पुष्टी मागून घ्यावी. अर्थात् लेखी आदेश मागणे हा उद्धटपणा नव्हे. केंद्राच्या नोकराचे तर ते कर्तव्यच आहे. खाजगी नोकरीत असा नियम हाताशी नसला तरी रीत तीच ठेवता येते.

एका जिल्ह्याच्या ठिकाणी, एका खाजगी संस्थेत हिशेबनीस असलेले गृहस्थ माझ्याकडे आले होते. त्यांच्या वरिष्ठांची पद्धत अशी की बिल नसताना खर्चाचे व्हाउचर टाकावयास दूरध्वनीवरून सांगावयाचे, आणि हे घुटमळले की संध्याकाळी सगळ्या विभागासमोर, ह्यांच्या शिक्षणापासून ह्यांच्या गावापर्यंत सर्व गोष्टींचा उद्धार करावयाचा. ते गृहस्थ इतके खचले होते की बेरजा तीन-तीनदा तपासूनही आपलेच चुकत असावे असे त्यांना वाटू लागले होते. त्यांनी रोज कचेरी सुटण्यापूर्वी वरिष्ठांना ई-मेलने दोन-तीन ओळींचे पत्र पाठवावे, असे आम्ही ठरविले. पत्राचा मजकूर असा असे: “आज दुपारी ३ वाजता आपण दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनेनुसार अमुक रकमेचे व्हाउचर तयार केले आहे. मूळ बिल अद्याप प्राप्त झालेले नाही. ते प्राप्त होईपर्यंत रक्कम अदा करावी किंवा कसे, याविषयी कृपया लेखी कळवावे, ही विनंती.” त्यात तक्रार नव्हती, टोमणा नव्हता, एक शब्दही चढा नव्हता. पहिल्या आठवड्यात उत्तर आले नाही. दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी बोलावून विचारले, “आता तू मला नोटिसा पाठवणार?” त्यावर ह्यांनी ठरल्याप्रमाणे एवढेच उत्तर दिले, “साहेब, माझ्या हातून काही विसरू नये म्हणून लिहून ठेवतो.” तिसऱ्या आठवड्यापासून बिले येऊ लागली, आणि जी उत्तरे आली त्यांची भाषा सभ्य होती, कारण जो लिहितो त्याला हे कोणीतरी पुढे वाचणार आहे, याचे भान ठेवावेच लागते. साहेबांचे हृदयपरिवर्तन झाले असे मी सांगणार नाही. त्या वर्षी ह्या गृहस्थांची वेतनवाढ कमी केली गेली, आणि वर्ष-दीड वर्षाने त्यांनी दुसरीकडे नोकरी धरली. परंतु पुढे लेखापरीक्षणात जुन्या व्हाउचरांविषयी विचारणा झाली, तेव्हा ह्यांच्या नावाला डाग लागला नाही तो त्या दोन-तीन ओळींच्या पत्रांमुळे. येथे हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे की आरडाओरडीच्या आड पुष्कळदा एखादा गैरव्यवहार लपलेला असतो, आणि हाताखालचा मनुष्य भ्यालेला राहावा, ही त्या गैरव्यवहाराची गरज असते.

प्रत्यक्ष अपमानाच्या क्षणी काय करावे, असे मला नेहमी विचारले जाते. तेथे वाद घालू नये. रागाने दिलेले उलट उत्तर आज्ञाभंगाच्या आरोपाला खतपाणी घालते, आणि आज्ञाभंग हे गैरवर्तन म्हणून बहुतेक सेवाशर्तींत नमूद असते. म्हणजे मूळ अपराध बाजूला राहून चौकशी आपल्याच शब्दांची सुरू होते. परंतु गप्प बसणे हाही एकमेव मार्ग नव्हे. आवाज खाली ठेवून, ‘साहेब’ आणि ‘आपण’ न सोडता, “साहेब, कामातली चूक सांगावी, मी ती आज दुरुस्त करून देतो, पण असे शब्द माझ्यासाठी वापरू नयेत,” एवढे एक वाक्य आधी घरी म्हणून पाठ करून ठेवावे आणि प्रसंगी उच्चारून तेथून कामाला निघून जावे. ज्यांनी हे केले त्यांनी मला सांगितले आहे की, वरिष्ठावर त्याचा परिणाम होवो न होवो, बोलणाऱ्याच्या स्वतःच्या मनावर मात्र तो फार मोठा होतो. मेमो हाती दिला गेला तर तो नाकारू नये. “मिळाला” असे लिहून तारीख-वेळ घालावी, कारण पोच देणे म्हणजे मजकूर मान्य करणे नव्हे. कारणे दाखवा नोटिशीला मुदतीच्या आत, मुद्देसूद उत्तर द्यावे. कोऱ्या कागदावर सही करू नये, कोणी सांगितलेला माफीनामा तेथल्या तेथे लिहून देऊ नये, आणि राजीनामा तर रागाच्या दिवशी कधीही लिहू नये. तो लिहिणाऱ्याच्या हातातले सारे हक्क एका सहीने दुसऱ्याच्या हाती जातात.

आता ज्यांच्यावर जाच होत नाही पण जे तो रोज पाहतात, त्या सहकाऱ्यांविषयी बोलणे मला अत्यंत आवश्यक वाटते. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, ही म्हण आपल्या कचेऱ्यांत जितकी पाळली जाते तितकी नदीकाठीही पाळली जात नसेल. साहेबांची ज्याच्यावर इतराजी झाली त्याच्याशी बोलणे आधी कमी होते, मग त्याच्यासोबत डबा खाणे बंद होते, मग त्याला निवृत्तीच्या चहापानाचे बोलावणेही जाईनासे होते; आणि अशा रीतीने एका माणसाने सुरू केलेले काम दहा भली माणसे, कोणताही द्वेष मनात नसताना, पूर्ण करतात. माझा अनुभव असा आहे की लोकांना साहेबांचे कठोर शब्द काळाच्या ओघात विसरता येतात, पण शेजारच्या टेबलावरच्या मित्राने त्या वेळी खाली घातलेली मान विसरता येत नाही. मी तुम्हाला साहेबांशी भांडा असे सांगत नाही. बैठक संपल्यावर त्या माणसाजवळ जाऊन बसा, त्याच्यासोबत डबा उघडा, “मी तेथे होतो, मी ऐकले, विचारले तर सांगेन” एवढे त्याला म्हणा, आणि खरोखर विचारले गेले तर खरे सांगा. पाच जणांच्या सह्यांचा अर्ज आणि एकट्याचा अर्ज यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. संघटना असेल तर तिच्यामार्फत गेलेल्या अर्जाचे वजन त्याहून वेगळे असते.

दाद कोठे मागावी? आपल्या देशात वरिष्ठाच्या अशा सर्वसाधारण जाचाविरुद्ध स्वतंत्र कायदा अद्याप नाही, ही खेदाची गोष्ट आहे. फ्रान्सने तो २००२ साली केला, जपानने २०१९ साली केला; आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही २०१९ साली कामाच्या ठिकाणची हिंसा व छळ यांविरुद्ध १९० क्रमांकाचा करार संमत केला. भारतानेही यासाठी कायदा करावयास हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु म्हणून आज हात रिकामे आहेत असे नव्हे. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने १० किंवा अधिक नोकर असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती अनिवार्य केली आहे. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत लेखी द्यावयाची असते, योग्य कारण असल्यास समिती आणखी ३ महिन्यांची मुभा देऊ शकते, आणि चौकशी ९० दिवसांत संपवावयाची असते. नोकर १० पेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने त्या स्त्रीचा गोपनीय अहवाल लिहू नये, अशी शिफारसही समितीला करता येते, आणि ही तरतूद मला फार महत्त्वाची वाटते, कारण लेखणी हे वरिष्ठाचे मोठे शस्त्र आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा जातीवरून लोकांदेखत अपमान झाला, तर १९८९ च्या कायद्याने तो फौजदारी गुन्हा आहे, आणि तेथे कचेरीअंतर्गत समजुतीवर विषय मिटविण्याचा आग्रह कोणी धरू नये.

सरकारी नोकरांस आणखी काही आधार आहेत. २००८ साली देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती प्रतिकूल असो वा नसो, नोकराला कळविली पाहिजे, म्हणजे त्याला तीविरुद्ध निवेदन करता येईल. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने साधारण कार्यकाळ ३ वर्षांचा ठरविला आहे, आणि मुदतीआधी बदली करावयाची तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. सूडापोटी केलेल्या बदलीविरुद्ध मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाता येते. कारखान्यातील कामगारांच्या बाबतीत, आकसाने केलेली बदली ही अनुचित कामगार प्रथा होय, हे तत्त्व महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यातच मान्य केले. या सर्व ठिकाणी मुदतींना फार महत्त्व असते, म्हणून संघटनेचा किंवा कामगार-कायद्याच्या वकिलाचा सल्ला प्रकरण चिघळण्यापूर्वी, पहिल्या मेमोच्या वेळीच घ्यावा. खाजगी कंपन्यांतील मनुष्यबळ विभागाविषयी एवढेच सांगतो की तो व्यवस्थापनाचा विभाग आहे हे विसरू नये, आणि तरीही लेखी तक्रार तेथे अवश्य द्यावी व पोच घ्यावी. उद्या “आम्हाला कोणी सांगितलेच नाही” असे म्हणावयास जागा राहू नये.

हे सर्व चालू असताना घराकडे लक्ष असू द्यावे. कचेरीत मान खाली घालून आलेला मनुष्य घरी बायकोवर किंवा मुलावर तोंड टाकतो, वड्याचे तेल वांग्यावर निघते, आणि एका माणसाचा जाच असा उंबरठा ओलांडून, ज्यांनी त्या साहेबांना कधी पाहिलेही नाही, त्यांच्यापर्यंत पोहोचतो. त्यापेक्षा जे घडले ते घरात सांगावे. पुरुषांनी तर अवश्य सांगावे, कारण त्यांना ते सांगण्याची लाज अधिक वाटते. शरीरावरही याचा परिणाम होतो, हे आता नुसते बोलण्यापुरते राहिलेले नाही. लंडनमधील १०,००० हून अधिक सरकारी नोकरांचा जो दीर्घ अभ्यास १९८५ पासून चालला, त्यात असे आढळले की ज्या पुरुष नोकरांना आपले वरिष्ठ आपल्याशी न्यायाने वागतात असे वाटत होते, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण कमी होते. झोप उडाली असेल, रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधडत असेल, जेवण जात नसेल, तर वैद्याकडे जाण्यास संकोचू नये. आणि मन फारच काळवंडून गेले, जगण्याविषयीच उदास वाटू लागले, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते, मराठीतही बोलता येते. एखादी नोकरी गेली तर दुसरी मिळते. ज्या घराची ती नोकरी भाकरी होती, त्या घराला तुम्ही हवे आहात.

आणि एवढे सारे करूनही काही ठिकाणी मार्ग निघत नाही, हे मी लपवून ठेवणार नाही. “पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका” असे म्हणत वर्षानुवर्षे सोसणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि डोक्यावर घराचे हप्ते व मुलांच्या फिया असताना त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. सोडून जाणे हा पराभव नव्हे; मात्र ते आपल्या सवडीने आणि आपल्या हिशेबाने जाणे असावे. दुसरी नोकरी हाती आल्याशिवाय, निदान काही महिन्यांचा खर्च गाठीशी असल्याशिवाय, निघू नये. कायम नोकरीची सलग ५ वर्षे पूर्ण होण्यास थोडेच महिने उरले असतील, तर उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क तेवढ्यासाठी बुडू देऊ नये. राजीनामा दोन ओळींचा असावा, त्यात साहेबांविषयी एक अक्षर नसावे; तक्रार असेल ती वेगळ्या कागदावर, वेगळ्या तारखेची असावी. सूचनेची मुदत नेमणूकपत्रात पाहून पुरी भरावी, भविष्य निर्वाह निधीचे खाते व त्यावरील नाव-जन्मतारीख तपासून घ्यावी, अनुभवाचा दाखला आणि कार्यमुक्तीचे पत्र मागून घ्यावे. कार्यभार देताना फाइलींची, किल्ल्यांची आणि संस्थेच्या वस्तूंची यादी दोन प्रतींत करावी, प्रत्येक पानावर घेणाऱ्याची तारखेसह सही घ्यावी, आणि एक प्रत घरी, त्या वहीजवळ, ठेवावी.